मिरची यायच्या आधीचा समोसा

धारच्या कुठल्याही वर्दळीच्या चौकात संध्याकाळी उभे राहा. मोठी लोखंडी कढई, तेलात हळूहळू तांबूस होत जाणारे समोसे, झाऱ्याचा खणखणाट. एक समोसा हातात घ्या आणि मनातल्या मनात एक खेळ खेळून बघा. आधी त्यातला बटाटा काढून टाका. मग हिरवी मिरची काढा. वरच्या चटणीतलं लाल तिखटही काढा. काय उरलं? मैद्याचं कवच आणि चिमूटभर मसाला. बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिकं अमेरिका खंडातली. पाचशे वर्षांपूर्वी माळव्यात त्यांचं नावही कुणाच्या कानावर पडलेलं नव्हतं.

मग तेव्हा समोशात भरत तरी काय होते?

एखाद्या गावात पाचशे वर्षांपूर्वी लोक नेमकं काय खात होते, हे सांगणं फार अवघड असतं. राजे लढाया लिहून ठेवतात, देणग्या दगडावर कोरून ठेवतात, पण न्याहारी कोण लिहिणार? धार जिल्ह्याचं नशीब इथे विलक्षण आहे. इथे एका राजाने न्याहारीच लिहून ठेवली, आणि तीही रंगीत चित्रांसकट!

धारपासून मांडू जेमतेम पस्तीस किलोमीटर. आज आपण जहाजमहाल आणि रूपमतीचा मंडप बघायला जातो ते मांडू माळव्याच्या सुलतानांची राजधानी होतं. १४६९ साली गादीवर आलेल्या घियासुद्दीन शाहने राज्यकारभाराचा भार मुलाकडे सोपवला आणि स्वतः संगीत, शिकार, सुगंध आणि जेवण यांत रमला. त्याच्या मुदपाकखान्याची कृतिपुस्तिका म्हणजे ‘निमतनामा’. १५०० साली त्याचा मुलगा नासिरुद्दीन गादीवर आला आणि त्याने ती पुढे नेली. भाषा फारसी, पण मधेमधे इथल्या बोलीतले शब्द सरळ पेरलेले. सोबत पन्नास चित्रं. सुरुवातीच्या चित्रांची शैली इराणातल्या शिराझची आणि पुढे पुढे माणसं, झाडं, पोशाख माळव्याचे होत जातात. हे पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या आरंभीच झुरळांच्या राजाला विनवणी केली आहे की बाबा, एवढं पुस्तक खाऊ नकोस. पाचशे वर्षं झाली, झुरळांनी शब्द पाळला आहे.

या पुस्तकात समोशाच्या एक-दोन नाही, अनेक कृती आहेत. एका चित्रात तर सुलतान बसला आहे आणि त्याच्यासाठी समोसे तयार होत आहेत. एका कृतीतलं सारण असं आहे: शिजवलेला खिमा, तितकाच बारीक चिरलेला कांदा, सुंठ, लसूण, गुलाबपाण्यात खललेलं केशर आणि वांग्याचा गर. हे सगळं पारीत भरून तुपात तळायचं. तिखटपणा हवा तर आलं आणि मिरे. मिरचीचा पत्ताच नाही.

आता तारखांकडे बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला आणि तिथे युरोपीय माणसाने पहिल्यांदा मिरची चाखली. मे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. त्या दिवशी मांडूत घियासुद्दीन अजून गादीवर होता आणि बहुधा समोसेच खात होता! म्हणजे हे पुस्तक अगदी नेमक्या उंबरठ्यावर लिहिलं गेलं आहे. अजून वीस-तीस वर्षं थांबलं असतं तर पोर्तुगीज जहाजांतून आलेले जिन्नस हळूहळू पश्चिम किनाऱ्यावरून वर सरकायला लागले असते. ‘निमतनामा’ म्हणजे भारतीय स्वयंपाकघराचा, अमेरिका येण्याआधीचा, जवळजवळ शेवटचा फोटो आहे.

पण म्हणून सुलतानाचं ताट ‘शुद्ध स्थानिक’ होतं का? छे! त्यात लवंग होती. आणि लवंग त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर फक्त एकाच ठिकाणी व्हायची, आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू द्वीपसमूहातल्या मूठभर बेटांवर. कुठल्याशा बेटावरची सुकवलेली कळी गलबतांतून, बंदराबंदरांतून, बैलांच्या पाठीवरून विंध्याचा घाट चढून मांडूला यायची आणि सुलतानाच्या ताटात पडायची. हिंग यायचा अफगाणिस्तान-इराणच्या डोंगरांतून. खुद्द समोसाही पाहुणाच. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्लीच्या तुघलक दरबारात तो खाल्ला, आणि दिल्लीलाही तो पश्चिमेकडूनच आलेला. मांडूचा दरबार तरी कसा होता? इथे जैन व्यापारी होते. १४३९ साली इथेच जैनांचं सचित्र ‘कल्पसूत्र’ रंगवलं गेलं. इराणी शैली जाणणारे चित्रकार होते, हबशी पहारेकरी होते. एका डोंगरी किल्ल्यात अर्धं जग नांदत होतं.

आता रूपमतीच्या मंडपावर उभे राहा आणि दक्षिणेला खाली बघा. कडा एकदम तुटतो आणि खाली निमाडचं मैदान पसरतं. स्वच्छ दिवस असेल तर लांबवर नर्मदेची रेघ दिसते. त्या मैदानाचा मोठा भाग धार जिल्ह्यातच येतो: मनावर, कुक्षी, धरमपुरी. तिथे आज काय पिकतं? मिरची. सुलतानाने आयुष्यात कधी न पाहिलेली मिरची आता त्याच्याच कड्याखाली शेतंच्या शेतं लाल करते. आणि बटाटा? इंदूर-देवासच्या काळ्या मातीतल्या बटाट्यात साखर कमी असते, तळताना तो काळा पडत नाही, म्हणून वेफर्सवाले त्याच्यासाठी इथे धाव घेतात. समोसा ज्या तेलात तळला जातो तेही बहुतेक सोयाबीनचं. हे पीक मूळ चीनचं, आणि माळव्याच्या शेतात ते गेल्या साठेक वर्षांत अमेरिकी वाणांच्या बोटाला धरून शिरलं.

बघा, पाचशे वर्षांत सारण बदललं, तिखट बदललं, तूप जाऊन तेल आलं. तिकोना आकार तेवढा टिकला. मला वाटतं, माळव्याच्या रस्त्यावरचं खाणं समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. इथले जिन्नस जवळजवळ सगळे उपरे. इथली स्वतःची वस्तू आहे ती रीत: कुठल्या पदार्थाला आच लावायची, कुठल्याला नुसती वाफ, कधी मसाला घालायचा आणि कधी हात आवरायचा. ती रीत बघायची तर पहाटे देवासला जायला हवं.

देवासला मराठी माणूस परका नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूरचा पराभव केला आणि माळव्याची दारं मराठ्यांना उघडली. धार पवारांकडे गेलं, देवासही पवारांकडे. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी देवास वाटून घेतलं आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षं एकाच गावात दोन संस्थानं नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव म्हणून येऊन राहिला होता. आणि शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव, तो जन्मला कुठे ठाऊक आहे? धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. जवळजवळ तीनशे वर्षं इथे मराठी घरं आहेत, मराठी स्वयंपाकघरं आहेत.

म्हणून इथले पोहे बघून आपल्याला आपलं माणूस भेटल्यासारखं होतं. पण एक घास घ्या आणि थांबा. हे आपले पोहे नव्हेत! पाठीमागे गोडसर चव आहे. दाताखाली बडीशेप येते, अख्खे धणे येतात. वर शेवेचा डोंगर, कच्चा कांदा, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे, आणि सगळ्यावर भुरभुरलेली एक तपकिरी पूड. मराठ्यांनीच पोहे माळव्यात नेले, असं आपण छातीठोकपणे सांगतो. फोडणीच्या पोह्यांपुरता तो मान असेलही. पण मुळात पोहे किती जुने? सुदाम्याने कृष्णासाठी नेलेली पुरचुंडी आठवा. ते दोघे मित्र शिकले कुठे? सांदीपनींच्या आश्रमात, अवंतीत, म्हणजे देवासहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या उज्जैनला. पोह्यांच्या बाबतीत माळव्याशी हुज्जत घालू नये हे बरं.

गंमत अशी की माळव्यात भात फारसा पिकतच नाही. ही काळी जमीन गव्हाची, हरभऱ्याची, सोयाबीनची. पोह्यांसाठीचं धान पूर्वेकडून, छत्तीसगडकडून येतं. तरी इथे दिवस पोह्यांशिवाय उगवत नाही. असं का? उत्तराचा एक धागा पोह्यांच्या घडणीत आहे. साळ भिजवतात, तापवून भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. या भाजण्यात तांदळाचं पिठूळपण, म्हणजे त्यातला स्टार्च, अर्धाअधिक शिजून जातो. म्हणजे पोहे हा आधीच शिजवून, चपटा करून, सुकवून ठेवलेला भात आहे. पाणी शिंपडलं की दोन मिनिटांत मऊ. ‘इन्स्टंट’ हा शब्द जन्माला येण्याच्या दोन-अडीच हजार वर्षं आधी कुणीतरी ही युक्ती काढली. घाईच्या सकाळी रस्त्यावर विकायला याहून सोयीचं दुसरं काय असणार?

पण या युक्तीला एक शाप आहे. शिजलेला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाणी उडालं की कडक होतो. घरी उरलेले पोहे तासाभरात वातड होतात ते यामुळेच. मग पहाटे सहाला लावलेल्या ठेल्यावर दहा वाजता येणाऱ्याला मऊ पोहे कसे मिळतात? ठेल्याकडे नीट बघा. आचेवर थेट पोह्यांची कढई नाहीच. खाली उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं आहे आणि त्याच्या वाफेवर पोह्यांचं भांडं बसवलं आहे. माळव्याचं पठार साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. त्याच्या वाफेवर ठेवलेली वस्तू त्याहून जास्त तापूच शकत नाही. पोहे करपणार नाहीत, तळाला लागणार नाहीत, थंड पडून वातड होणार नाहीत, आणि वाफेचा ओलावा त्यांना कोरडं पडू देणार नाही. एका पातेलंभर पाण्याने सगळी दुखणी बरी केली! तेलही नावापुरतं लागतं. आपल्याकडे पोहे ‘परततात’; इथे ते वाफेवर निवांत बसून राहतात आणि कुरकुरीतपणाचं सगळं काम शेवेवर सोपवलेलं असतं. शेव मात्र अगदी खाणाऱ्याच्या हातात बशी जाताना पडते, एक क्षणही आधी नाही.

आणि ती तपकिरी पूड? जिरावन. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग, दालचिनी, तिखट... प्रत्येक घराचं, प्रत्येक दुकानाचं प्रमाण वेगळं. यातलं मोठेपण असं की जिरावन शिजवायचं नसतं. आपण गरम मसाला शिजताना घालतो तेव्हा त्याचा बराचसा वास हवेत जातो. स्वयंपाकघर घमघमतं खरं, पण तो वास ताटातून वजा झालेला असतो. जिरावन वाफाळत्या पदार्थावर शेवटच्या क्षणी पडतं, वाफेने जागं होतं आणि थेट खाणाऱ्याच्या नाकात जातं. माळव्यात ते कशावर पडत नाही ते सांगा! पोह्यांवर, खिचडीवर, गराडू नावाच्या कंदावर, दह्यावर, पेरूच्या फोडीवर. लवंगेचं ते मालुकूचं बेट आजही इथे रोज सकाळी बशीत येतं.

पोह्यांच्या शेजारी जिलबी हवीच. बाहेरच्याला हा संसार विचित्र वाटतो, पण दोन्ही एकदा तोंडात घातल्यावर शंका उरत नाही. जिलबीही मुळात पश्चिम आशियातली. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींत तिचे पूर्वज सापडतात. पण तिच्या इतिहासापेक्षा तिचं पोट जास्त थक्क करणारं आहे. ती आतून पोकळ का असते आणि त्या पोकळीत पाक शिरतो कसा? बाहेर तर एकही भोक दिसत नाही.

आंबवलेलं पातळ पीठ गरम तुपात पडतं तेव्हा बाहेरचा पापुद्रा क्षणात घट्ट होतो. आतलं पाणी अडकतं. तापून त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या दीड हजारपटीहून अधिक जागा मागते. ती वाफ आतून पापुद्र्याला ढकलत फुगवते, बारीक बारीक छिद्रांतून बाहेर निसटते. कढईतले ते बुडबुडे म्हणजे तीच. पीठ कडेला सरकतं, मधे नळी तयार होते. आता ही वाफेने भरलेली नळी कोमट पाकात पडते. वाफ थंड होते, तिचं पुन्हा थेंबभर पाणी होतं. दीड हजार भाग जागा व्यापणारी वस्तू एकाएकी एक भाग झाली! आत पोकळी पडली, दाब उतरला, आणि बाहेरच्या हवेने पाकाला त्याच बारीक छिद्रांतून आत रेटलं. शाईच्या पेनात ड्रॉपर दाबून सोडला की शाई जशी वर चढते, अगदी तसंच. जिलबी पाक ‘पिते’ असं हलवाई म्हणतात, ते भौतिकशास्त्राच्या कसोटीवर अक्षरशः खरं आहे. म्हणून ती कढईतून थेट पाकात पडली पाहिजे. मधे दोन मिनिटं गेली की वाफेच्या जागी हवा शिरते आणि मग ती कितीही वेळ पाकात बुडवा, आत कोरडीच राहते. पाक फार थंड झाला तरी फसतं, कारण दाट पाकाला त्या छिद्रांतून जाता येत नाही. हलवायाच्या हाताला हे सगळं कळतं. तो सेकंद मोजत नाही आणि चुकतही नाही.

वाफेची ती पातेल्यावरची युक्ती एकादशीलाही कामाला येते. माळव्यातली साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी कढईत तुपावर परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा वाफेवर मोकळा करून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की बशीपुरता घेऊन त्यात फराळी चिवडा, हिरवी मिरची, लिंबू, कोथिंबीर आणि फराळी जिरावन कालवतात. प्रत्येक मोती सुटा, आतून पारदर्शक. पण मला जास्त थक्क करतं ते वेगळंच. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा ब्राझीलकडचा, आणि त्याच्या कच्च्या कंदात सायनाइड निर्माण करणारी द्रव्यं असतात. किसून, धुऊन, त्यांचं विष काढावं लागतं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथलाच. मिरची अमेरिका खंडाचीच. धान्य वर्ज्य करून आपण जो सनातन उपास करतो, त्याची मुख्य सामग्री अटलांटिक ओलांडून आलेली! उपासाचे नियम करणाऱ्यांच्या यादीत ही पिकं नव्हती, म्हणून ती सहज चालून गेली असावीत.

पावसाळा सरत आला की देवास-धारच्या रस्त्यांवर कणसांच्या राशी पडतात आणि भुट्ट्याचा कीस सुरू होतो. मका मेक्सिकोचा, पण कणीस किसून ते तुपात परतायचं आणि दुधात शिजवायचं हे कुणी कधी मेक्सिकोत ऐकलंही नसेल. कणीस कोवळं हवं, नखाने दाणा दाबला की दुधासारखा रस यायला हवा. त्या अवस्थेत दाण्यातली साखर अजून पुरती स्टार्चमध्ये बदललेली नसते, म्हणून कीस गोड लागतो. आणि जेवढा स्टार्च असतो तेवढा दूध आळून आणायला पुरतो. बाहेरून पीठ लावावं लागत नाही. मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, वर खोबरं आणि लिंबू. आठ दिवस उशीर झाला तर हेच कणीस कीस करायला निरुपयोगी.

थंडीत गराडू. हा आपल्या कोनफळाचा सख्खा भाऊ, आग्नेय आशियातला जुना कंद. कापताना हाताला चिकट, कच्चा असताना मुळीच मोहात न पाडणारा. त्याचे तुकडे आधी मंद तेलात आतून शिजेपर्यंत तळतात, काढून ठेवतात, आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात पुन्हा सोडतात. पहिल्या तळणीत पृष्ठभागावरचा ओलावा जातो, दुसऱ्या तळणीत त्या कोरड्या पृष्ठभागाचं कवच होतं. वर जिरावन, लिंबू. जगभर बटाट्याचे फ्राईज कुरकुरीत करायला जी दुहेरी तळणी वापरतात तीच ही. एवढ्या सगळ्या पदार्थांत एकच निवडायला सांगितलं तर मी गराडू निवडेन.

आणि बाफले! राजस्थानची बाटी आपल्याला माहीत असते. कणकेचा गोळा निखाऱ्यावर भाजायचा. माळव्याने यात एक पायरी घातली: भाजण्याआधी गोळा उकळत्या पाण्यात शिजवायचा, तो तरंगून वर आला की काढायचा, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचा आणि तुपात बुडवायचा. एवढ्याशा पायरीने काय होतं? उकळताना गोळ्याच्या बाहेरच्या थरातला स्टार्च शिजून त्याचा पातळ पडदा होतो. तो आतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून बाफला आतून मऊ, खुसखुशीत राहतो आणि बाटी कोरडी पडते. आधी उकळा, मग भाजा, नेमकी हीच युक्ती पोलंडमधल्या ज्यू बेकऱ्यांत बेगल नावाच्या पावासाठी वापरली जाई. तिकडचं क्राकोव्ह आणि इथलं देवास, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरी कणकेने दोघांना एकच गोष्ट शिकवली. बाफल्यासाठी माळव्याचा जुना मालवी गहू नावाजलेला. तो कठीण दाण्याचा, आपल्या बन्सीच्या जातकुळीतला.

धारच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, भिल्ल-भिलालांच्या गावांकडे वळलात की दाल-पानिये भेटतात. मक्याच्या पिठाचा जाड थापलेला गोळा पळसाच्या पानांत दाबायचा आणि गोवऱ्यांवर भाजायचा. मक्यात गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो, गोळा आचेवर फुटून जाईल. पान त्याला धरून ठेवतं, आतल्या ओलाव्याची वाफ करतं आणि जळता जळता आपला वास देऊन जातं. होळीच्या आधीच्या आठवड्यात इथे भगोरियाचे हाट भरतात. ढोल-मांदळ वाजत असतात आणि रस्त्याकडेला गुळाची जिलबी, भजी, शेव आणि माजम नावाची मिठाई विकायला असते. गुळाची जिलबी एकदा खाऊन बघाच. साखरेच्या जिलबीपेक्षा काळपट, जड आणि मला तरी जास्त खरी वाटणारी.

सगळ्यात अद्भुत खाऊ मात्र कुठल्याच कढईत होत नाही. मांडूच्या रस्त्याकडेला बायका मखमली लव असलेली, नारळाएवढी हिरवट-तपकिरी फळं मांडून बसतात. लोक त्याला मांडूची इमली म्हणतात, खुरासानी इमली म्हणतात. आपण गोरखचिंच म्हणतो. फोडलं की आत पांढरे, कोरडे, पिठूळ गोळे. जिभेवर ठेवा: आंबट, किंचित गोड, विरघळून जाणारे. फळ पिकून झाडावरच आतल्या आत वाळतं आणि ‘क’ जीवनसत्त्वाने भरलेलं असतं. झाड तर त्याहून अचाट. प्रचंड फुगलेलं खोड, वर आखूड फांद्या, वर्षाचा मोठा काळ पानांशिवाय. ते खोड लाकडापेक्षा पाण्याचीच साठवण अधिक करतं.

हे झाड माळव्याचं नाही, भारताचंही नाही. ते आफ्रिकेचं बाओबाब. २०१५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या बाओबाबांची जनुकं आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिली. ही झाडं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून आली आहेत, आणि एकदा नव्हे तर अनेकदा. कुणी आणली असतील? अरब व्यापाऱ्यांनी? सुलतानांच्या पदरी असलेल्या हबशी माणसांनी, ज्यांच्या घरी हे फळ आईच्या हातचं खाल्लेलं होतं? बी कठीण, गर कोरडा, महिनोन्‌महिने टिकणारा. लांबच्या प्रवासात खिशात ठेवायला याहून चांगला खाऊ नाही. खाणाऱ्याने बी थुंकलं असेल आणि मांडूच्या दगडाळ पठारावर ते रुजलं असेल. आज तिथे शेकडो वर्षांची झाडं उभी आहेत. काही वर्षांपूर्वी यातली काही मुळासकट उपटून बाहेर न्यायला सुरुवात झाली तेव्हा गावकरी आडवे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. बरं केलं त्यांनी.

जायचं ठरवलंत तर एक ध्यानात ठेवा: हे सगळं एका फेरीत मिळत नाही. कीस हवा तर पावसाळ्याच्या अखेरीला जा, गराडू हवा तर कडाक्याच्या थंडीत, गुळाची जिलबी आणि भगोरिया हवा तर होळीच्या आधीच्या आठवड्यात. पोहे-जिलबी बारमाही, पण पहाटेच; उन्हं वर आली की ठेले आवरतात. बाफले दुपारी खा आणि नंतर काही काम ठेवू नका. आणि मांडूला महाल बघायच्या आधी रस्त्याकडेच्या बाईकडून एक गोरखचिंच विकत घ्या, भाव करू नका, आणि ती तिथल्या तिथे फोडून घ्या, कारण तिचं कवच घरी सुरीने फुटत नाही.